खंबाटकीच्या जुन्या बोगद्याला भिंत घालण्याआधी आम्हाला विचारा

खंबाटकीच्या नव्या जुळ्या बोगद्याचं कौतुक सगळीकडे चाललंय आणि ते व्हायलाच हवं. प्रत्येक बाजूला तीन लेन, साधारण ९२६ कोटींचं काम. साताऱ्याकडून पुण्याला जाताना जुन्या बोगद्यातून बाहेर पडल्यावर जे एस वळण लागतं, त्याची धास्ती न घेतलेला माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. एप्रिल २०१८ मध्ये कर्नाटकातून मजुरीला निघालेल्यांचा टेम्पो तिथे उलटला आणि अठरा जीव गेले. हे वळण हायवेवरून जाणार असेल तर त्याला विरोध कोण करेल? मी तर नाहीच.

माझा प्रश्न वेगळा आहे. गाड्या नव्या बोगद्यातून धावायला लागल्या की जुन्या बोगद्याचं काय?

टपरीवर विचारलं की दोनच उत्तरं मिळतात. पहिलं, "दोन्ही तोंडांना भिंत घाला, कटकट मिटली." दुसरं, "लायटिंग करा, सेल्फी पॉइंट करा." पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात उद्घाटनाची हौस. आणि बोगद्याला सांभाळायला पैसा लागतो, हे दोन्हीत कोणी धरलेलंच नाही.

हा प्रश्न जगात पहिल्यांदा आपल्यालाच पडलाय असंही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्याची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याला थेट लागू पडते.

तिथे १८८०च्या दशकात व्हँडरबिल्ट नावाच्या बड्या रेल्वेवाल्याच्या पाठबळावर एक नवी रेल्वेलाइन सुरू झाली. डोंगर पोखरले, बोगदे अर्धेमुर्धे झाले आणि १८८५ मध्ये बड्या मंडळींची आपसात तडजोड होऊन काम बंद पडलं. एकही गाडी धावली नाही. पन्नासेक वर्षं ती भोकं पाणी साचून पडून होती. मग सरकारने हायवे करायचं ठरवलं तेव्हा तीच भोकं कामाला आली. १ ऑक्टोबर १९४० ला हा टर्नपाइक सुरू झाला. त्यावर सात बोगदे होते आणि त्यातले सहा त्या बुडालेल्या रेल्वेचे!

पुढे वाहतूक वाढली. रस्ता चार लेनचा, बोगदा मात्र दोन लेनचा. तोंडाशी रांगा लागायला लागल्या. (ओळखीचं वाटतंय ना?) मग तिथल्या इंजिनिअरांनी एकेका बोगद्याचा वेगळा हिशोब केला. चार ठिकाणी शेजारी दुसरा बोगदा खोदला आणि जुना दुरुस्त करून वापरात ठेवला. ते चारही जुने बोगदे आजही चालू आहेत. तीन ठिकाणी मात्र वळसा घालून नवा रस्ता काढणं परवडलं. लॉरेल हिल १९६४ मध्ये सुटला, रेज हिल आणि सायडलिंग हिल १९६८ मध्ये. शेवटच्या दोघांसोबत सुमारे २१ किलोमीटरचा हायवेही ओस पडला.

तरी त्या ओस रस्त्याचाही उपयोग झाला. डुलकी लागलेल्या ड्रायव्हरला जागं करणाऱ्या, कडेच्या खरखरीत पट्ट्यांची चाचणी तिथे झाली. लॉरेल हिलमध्ये रेसिंगच्या गाड्यांची चाचणी घेतली गेली. २००१ मध्ये उरलेला बराचसा पट्टा एका निसर्ग संवर्धन संस्थेला एका डॉलरला दिला. आज लोक त्या अंधाऱ्या बोगद्यांतून बॅटरी लावून सायकल चालवतात.

ऐकायला छान आहे. पण एका डॉलरला रस्ता मिळाला, सांभाळायचे पैसे मिळाले नाहीत. वर्षानुवर्षं आत दिवा नाही, भिंती रंगवून ठेवल्यात, पंख्यांच्या इमारती मोडकळीला आल्या. "तुमच्या जबाबदारीवर जा" एवढंच सांगायचं. एक डॉलर म्हणजे दान कमी आणि हात झटकणं जास्त.

उद्या आपल्या ग्रामपंचायतीच्या गळ्यात असाच एक रुपयाचा बोगदा बांधला तर? वीजबिल कोण भरणार?

माझं म्हणणं सरळ आहे. जुना बोगदा बंद करू नका, आणि तो फुकट देऊन मोकळेही होऊ नका. महामार्गाच्या खात्यावरच ठेवा आणि पर्यायी रस्ता म्हणून जिवंत ठेवा. नव्या बोगद्यात कंटेनर पेटला किंवा ट्रेलर आडवा झाला तर अँब्युलन्स आणि अग्निशमनची गाडी कुठून जाणार? हंगामात उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर, खंडाळा-वेळ्याच्या लोकांच्या मोटारसायकली, हे सगळं सहा लेनच्या सुसाट गाड्यांमध्ये का घुसवायचं?

"पण ते एस वळण?" कोणीतरी विचारणारच. ते वळण मारतं ते उतारावर वेगात येणाऱ्या जड गाड्यांना. जड वाहनांना कमान लावून बंदी घाला, वेग बांधा. आणि तपासणीत बोगदाच असुरक्षित निघाला तर बंद करा, मी पहिला सही करीन. पण तपासणी आधी, भिंत नंतर.

काहीच ठरवलं नाही तर सह्याद्रीचा पाऊस ठरवेल. बोगद्याची वीज गेली, गटारं तुंबली, झिरपणारं पाणी साचलं, वरचा दगड सैल झाला की दोन-चार पावसाळ्यांत "आता धोकादायक झालाय" असा अहवाल यायला वेळ लागत नाही. आधी दुर्लक्ष करायचं आणि मग त्याच दुर्लक्षाचं कारण द्यायचं, ही पद्धत वीस वर्षं बातम्या करताना मी पाहत आलोय.

बोरघाटातला अमृतांजन पूल आठवा. १८३० सालचा. त्याच्या खांबांमुळे एक्सप्रेसवेला अडचण होती, हे खरंच. पण तो पाडला कधी? एप्रिल २०२० मध्ये, लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसलेले असताना. रस्ता रिकामा होता ही सोय झाली, पण १९० वर्षांचा पूल टीव्हीवर पडताना बघणं एवढंच लोकांच्या हातात राहिलं. खंबाटकीत तसं नको.

म्हणून तीन मागण्या. एक, वाहतूक वळवल्यावर जुना बोगदा कोणाच्या ताब्यात राहणार, ते लेखी सांगा. दोन, त्याची तांत्रिक तपासणी करा आणि अहवाल मराठीत जाहीर करा. तीन, देखभालीची रक्कम दरवर्षीच्या खर्चात धरा. खेड शिवापूर आणि आनेवाडीला टोल भरतोच की आपण!

प्राधिकरणाकडे योजना तयार असेल तर उत्तमच. ती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, मी ही पोस्ट खाली त्याचा फोटो टाकून बंद करतो.

आणि खंडाळा, वेळे, वाई, शिरवळच्या मंडळींनो, नुसतं लाइक करू नका. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायला लावा आणि ठरावाची प्रत मागून घ्या. डोंगराला एकदा भोक पाडलंय, ते परत बुजवता येत नाही. निदान त्याचा धनी कोण, एवढं तरी विचारून ठेवू.