फ्रीजखालचे पाणी

फ्रीजखाली पाणी साचलेले दिसले, की घरात पहिला निष्कर्ष निघतो तो ‘गॅस गेला’ असा. तो बहुधा चुकीचा असतो. गॅस गेला तर गारवा कमी होतो, दूध नासते, बर्फ धरत नाही. गारवा पूर्वीसारखाच आहे, मात्र भाज्यांच्या खणाखाली किंवा फरशीवर दोन-चार दिवसांनी पुन्हा पाणी येते, अशा वेळी दोष बहुतेकदा एका लहानशा छिद्रात असतो. शिवाय गॅस हा पेट्रोलसारखा खर्च होणारा पदार्थ नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. म्हणून कोणी ‘गॅस भरावा लागेल’ असे सांगितले, तर तो नेमका कोठून गळाला हे विचारण्याचा ग्राहकाला अधिकार आहे. गळती न बुजवता भरलेला गॅस म्हणजे पाण्यात घातलेला पैसा.

दोन दारांच्या ‘फ्रॉस्ट फ्री’ फ्रीजमध्ये बर्फ साचतच नाही, असा समज आहे. प्रत्यक्षात तो साचतो. दिसत नाही इतकेच. फ्रीझरच्या मागील आवरणाआड थंड नळ्यांचे जाळे असते. दार उघडताच आत शिरणाऱ्या हवेतील बाष्प त्यावर हिमरूपाने धरते. ठरावीक काळानंतर, टायमरच्या जुन्या यंत्रांत साधारणतः ८ ते १२ तास यंत्र चालल्यावर, एक हीटर थोडा वेळ तापून हे हिम वितळवतो. पाणी पन्हळीत, तेथून छिद्रावाटे नळीत आणि नळीतून कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये उतरते. तेथील उष्णतेने ते उडून जाते. घरातल्या माणसांना यांतले काही कळूही नये, अशी ही सुरेख योजना आहे. छिद्रात कचरा अडकला किंवा तेथेच पाणी गोठले, की ती बिघडते. फ्रीझरच्या तळाशी बर्फाची लादी धरते आणि पाणी खालच्या कप्प्यात ठिबकू लागते. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे ही तक्रार त्या दिवसांत वाढते. काही फ्रीजमध्ये असेच छिद्र खालच्या कप्प्याच्या मागील भिंतीतही असते. कोथिंबिरीची एक काडी ते बुजवायला पुरते.

दुरुस्तीचा आरंभ प्लग काढून करावा. ओल्या फरशीवर अनवाणी उभे राहून नव्हे. दूध व शिजवलेले अन्न शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवावे, दारे उघडी ठेवून खाली जुनी पंचे-चादरी अंथराव्यात आणि बर्फ आपोआप वितळू द्यावा. एखादी रात्र जाईल, जाऊ द्यावी. सुरी किंवा स्क्रू-ड्रायव्हरने बर्फ खरवडण्याचा मोह मात्र घरोघरी होतो आणि तोच सर्वांत महाग पडतो. बर्फाआडची नळी टोचली गेली, तर खरोखरच गॅस जातो. अनेक नव्या फ्रीजमध्ये तो आयसोब्युटेन, म्हणजे ज्वालाग्राही असतो.

बर्फ गेल्यावर, सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने छिद्रात कोमट पाणी सोडावे. उकळते नको, प्लास्टिक वाकते. अडथळा हटला नाही, तर मऊ प्लास्टिकची बारीक नळी हलकेच सरकवावी. सोडलेले पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरले, की मार्ग मोकळा झाला. छिद्र आवरणाआड असेल आणि स्क्रू काढून वायरींशी खेळण्याची सवय नसेल, तर मेकॅनिकला बोलवावे; पण ‘निचऱ्याची नळी साफ करायची आहे’ असे काम नेमके सांगून.

आठ-पंधरा दिवसांत लादी पुन्हा धरली, तर हीटर किंवा त्याचा सेन्सर तपासणे आले. ते घरचे काम नव्हे. तत्पूर्वी दाराचे रबर पाहावे. कागदाचा कपटा दारात धरून दार लावावे. कपटा सहज निसटला, तर तेथून दमट हवा आत जाते. कित्येकदा रबरावरचा चिकट थर साबणाच्या पाण्याने पुसला, तरी दार नीट बसते. फ्रीजचे पुढचे पाय किंचित उंच असावेत, म्हणजे दार आपोआप मिटते.

मागच्या ट्रेकडे सहसा कोणी पाहत नाही. पाणी तेथे साचून राहिले, तर डेंग्यू पसरवणारा एडिस डास त्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. ट्रे निघत असेल तर आठवड्यातून एकदा प्लग काढून तो घासून कोरडा करावा. तो पक्का बसवलेला असेल, तर कॉम्प्रेसर थंड झाल्यावर स्पंजने पाणी टिपून घेता येते.