आधी दम, मग वेग

आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ मुले हल्ली पहाटे धावताना दिसतात. कोणाला सैन्यात जायचे आहे, कोणाला पोलिसात. काही प्रौढ मंडळींना डॉक्टरांनी साखर आटोक्यात ठेवण्यासाठी व्यायाम सांगितला आहे. या सर्वांचा प्रश्न एकच असतो: सुरुवातीला अंतर वाढवावे की वेग? माझे मत असे की आधी अंतर.

भरतीची मुले यावर लगेच हरकत घेतात. अग्निवीर भरतीत धाव १.६ किलोमीटरची, आणि पूर्ण ६० गुण हवे असतील तर ती साडेपाच मिनिटांत संपवावी लागते. म्हणजे ४०० मीटरची प्रत्येक फेरी सुमारे ८२ सेकंदांत. मग पाच किलोमीटर सावकाश धावून काय मिळणार, असे त्यांना वाटते. म्हणून ती पहिल्याच दिवशी घड्याळ लावून जीव खाऊन पळतात, आणि तिसऱ्या आठवड्यात नडगी धरून घरी बसतात.

असे का होते? धावू लागल्यावर हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच सुधारतात. हाडे, आणि स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा, यांना मात्र महिने लागतात. बैल दांडगा झाला, पण जुवाची दोरी कच्चीच, अशी ती गत. शिवाय पाच-सहा मिनिटांच्या धावेला लागणारी तीन चतुर्थांशाहून अधिक शक्ती शरीर श्वासातल्या प्राणवायूवरच तयार करते. ती क्षमता मुख्यतः लांब व सावकाश धावण्यानेच वाढते.

न्यूझीलंडचे आर्थर लिडियार्ड हे बुटांच्या कारखान्यात काम करणारे गृहस्थ. त्यांचा शिष्य पीटर स्नेल ८०० मीटर धावणारा, म्हणजे शर्यत दोन मिनिटांच्याही आतली. तरी लिडियार्ड त्याच्याकडून आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धावून घेत. १९६० साली रोमच्या ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचे आणि त्यांचाच दुसरा शिष्य मरे हॅलबर्ग याने ५,००० मीटरचे सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकले. आपल्या मुलांनी १६० किलोमीटरच्या नादी लागू नये. घ्यायचा तो क्रम. जवळचेच उदाहरण हवे तर साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील शेतकऱ्याची मुलगी ललिता बाबर घ्या. आधी तिने मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय स्त्रियांत पहिला क्रमांक मिळवला, पुढे ती ३,००० मीटर स्टीपलचेसकडे वळली, आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली.

तेव्हा पहिले सहा-आठ आठवडे, आठवड्यातून चार दिवस, शेजारच्याशी गप्पा मारता येतील अशा बेताने धावावे. वीस मिनिटांपासून हळूहळू चाळीसपर्यंत जावे. धाप लागली तर खुशाल चालावे, त्यात लाज कसली? डांबरी सडकेपेक्षा मातीची वाट बरी. वेगाला अगदीच दार बंद करू नये; दोन दिवस शेवटी ८० मीटरच्या चार मोकळ्या धावा घ्याव्यात, पाय हलके राहतात. दम आल्यावर मग आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये पुरती विश्रांती घेऊन, वेगाने माराव्यात.

भरती दोनच महिन्यांवर आली असेल तर? तरीही पहिला महिना सावकाशच धावावे. दुखावलेल्या पायाने मैदानावर उभे राहण्यापेक्षा थोडे कमी गुण परवडतात.

प्रौढांनी वेगाचा विचारच सोडावा. आधी चालणे, मग चालता चालता थोडे धावणे. छातीत दुखत असेल, चक्कर येत असेल किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आणखी एक गोष्ट आईवडिलांसाठी. शहरातल्या मुलाला धावून झाल्यावर खुर्चीत बसता येते. आपल्या मुलाला भातलावणी असते, उसाची तोडणी असते. तोही शरीरावरचा भारच. दिवसभर चिखलात वाकलेल्या मुलाला संध्याकाळी वेगाच्या फेऱ्या मारायला लावू नका. त्या दिवशी धावणे नाहीच झाले तरी चालेल. त्याला पोटभर जेवू द्या आणि लवकर झोपू द्या.