आधी वही, मग सौदा

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक उद्योग आरंभला. त्याची हकीगत सांगताना कोणाला उपदेश करावा असा माझा हेतू नाही. तेवढे माझे वय नाही आणि अधिकारही नाही. पण त्या उद्योगातून एक मत बनले आणि ते आपल्या मित्रांपुढे व गुरुजनांपुढे मांडावे असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

लालबागला आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर, एक दादा राहतो. त्याचे नाव सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, कारण असा एक दादा आज प्रत्येक मजल्यावर सापडेल. कुरियरच्या कचेरीत नोकरी, घरी म्हातारी आई, आणि दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर ऑप्शनचे सौदे. त्यासाठी त्याने पतपेढीतून कर्ज काढले होते, हे मला मागाहून कळले. एका संध्याकाळी गॅलरीत उभे असताना तो म्हणाला, ''तू कॉलेजात जातोस, संगणक शिकलास. मला एक यंत्र करून दे. बाजारातले भाव आपोआप घेईल आणि खरेदी-विक्रीही आपोआप करील. माणूस घाबरतो रे, यंत्र घाबरत नाही.''

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे मजल्यावरचे सारे अर्ज, दाखले आणि फॉर्म माझ्याकडे येतात. आता यंत्रेही येऊ लागली! मी होय म्हणालो. मामाचा जुना लॅपटॉप होता, कॉलेजच्या संगणक-कक्षात शिकलेले थोडेसे पायथन होते, आणि सुट्टीचे दिवस होते.

ही गोष्ट काय असते ते थोडक्यात सांगतो. दलालांच्या पेढ्या आजकाल ग्राहकाच्या प्रोग्रामसाठी एक खिडकी उघडून देतात. तिला एपीआय म्हणतात. बँकेच्या खिडकीतून आपण चिठ्ठी आत सरकवतो, तशी आपला प्रोग्राम चिठ्ठी सरकवतो: अमुक शेअरचे अमुक तारखेपासूनचे भाव द्या. आतून उत्तर येते. ओळख पटवण्यासाठी एक टोकन लागते, ते सहसा रोज नव्याने घ्यावे लागते. एका सेकंदात किती चिठ्ठ्या सरकवायच्या यालाही मर्यादा असते. घाई केली तर खिडकी बंद. आलेले उत्तर तपासायचे, साफ करायचे आणि तारीखवार साठवून ठेवायचे. या साऱ्या व्यवस्थेला इंग्रजी नाव मोठे रुबाबदार आहे, डेटा पाइपलाइन. पण चाळीत वाढलेल्या माणसाला ती समजायला वेळ लागत नाही. पाणी ठरल्या वेळी येते. आले की पिंपात भरायचे, मग गाळून माठात घालायचे, आणि पिंपात कोणी हात घालायचा नाही. बाजाराचे पाणी सकाळी सव्वानऊपासून दुपारी साडेतीनपर्यंत असते, एवढाच फरक.

चार दिवसांत माझा नळ वाहू लागला. पाचव्या दिवसापासून मला कळू लागले की आपण किती अडाणी आहोत.

पहिली फजिती रविवारची. शनिवार-रविवार बाजार बंद असतो, म्हणून त्या वारांच्या ओळी मी चुकीच्या समजून काढून टाकत होतो. मागच्या वर्षांचे भाव आणले तेव्हा १२ नोव्हेंबर २०२३, रविवार, अशी एक ओळ आली. ती माझ्या प्रोग्रामने पुसली. राष्ट्रीय शेअरबाजार आणि मुंबई शेअरबाजार रोज संध्याकाळी दिवसाच्या भावांची फाइल विनामूल्य प्रसिद्ध करतात. तिला 'भावकॉपी' म्हणतात. तिच्याशी ताडून पाहिले तर त्या दिवशीची भावकॉपी आहे! मी डोके खाजवत बसलो. आई म्हणाली, ''त्या रविवारी लक्ष्मीपूजन होते.'' ते मुहूर्ताचे सौदे होते, संध्याकाळी सव्वासहा ते सव्वासात. पुढे १ फेब्रुवारी २०२५ हा शनिवार निघाला. त्या दिवशी अर्थसंकल्प होता, म्हणून बाजार पूर्ण वेळ चालू होता. प्रोग्रामला वार कळतो, सण कळत नाही.

दुसरी फजिती विभागणीची. एक हजार रुपयांचा शेअर कंपनीने पाच भागांत विभागला की प्रत्येक भाग दोनशेचा होतो. ज्याच्याकडे एक होता त्याच्याकडे पाच होतात, त्याचे काही जात नाही. पण नुसते भाव पाहणारा प्रोग्राम ओरडतो, ऐंशी टक्के घसरण! दादाचे यंत्र त्या दिवशी घाबरले असते, आणि माणसापेक्षा जोरात.

तिसरी गोष्ट बंद भावाची. बंद भाव म्हणजे दिवसाच्या शेवटच्या सौद्याचा भाव, असे मी समजत होतो. राष्ट्रीय शेअरबाजाराच्या मी जमवलेल्या वर्षांत तो शेवटच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी होता. म्हणजे ज्या भावाने दिवस 'बंद' झाला म्हणतात, त्या भावाने कदाचित एकही सौदा झालेला नसेल. आणि ८ जुलै २०२४ पासून भावकॉपीचा आराखडाच बदलला, स्तंभांची नावे निराळी झाली. त्या तारखेला येऊन माझा प्रोग्राम मुकाट्याने रिकाम्या ओळी लिहू लागला. निदान ओरडला असता तर बरे झाले असते.

तेव्हापासून मी दोन नियम केले. आलेला मूळ मजकूर जसाच्या तसा ठेवायचा, दुरुस्ती वेगळ्या तक्त्यात करायची. आणि प्रत्येक दुरुस्तीपुढे तारीख व कारण लिहायचे. आमच्या नाक्यावरचा वाणी खोडरबर वापरत नाही. चुकले तर आडवी रेघ मारून पुढे लिहितो. हिशेबाची ही रीत संगणकाहून जुनी आहे, आणि मला ती संगणकाने शिकवली, याची थोडी लाज वाटते.

परंतु ज्या गोष्टीने मला खरोखर विचारात पाडले ती निराळीच. कंपनीची ओळख भावकॉपीत दोन खुणांनी होते. एक तिचे आखूड नाव आणि दुसरा बारा अक्षरांचा आयसिन क्रमांक. कंपनीने नाव बदलले की आखूड नाव बदलू शकते. शेअरची विभागणी झाली की आयसिन बदलतो. म्हणून जुन्याची नव्याशी गाठ मारणारा एक तक्ता हाताने करावा लागतो. तो करताना सेंच्युरीपाशी माझा हात थांबला. १८९७ सालची ही कंपनी. वरळीची सेंच्युरी मिल आमच्याकडे कोणाला सांगावी लागत नाही. २०२४ साली सेंच्युरी टेक्स्टाइल्स हे नाव बदलून आदित्य बिर्ला रिअल इस्टेट असे झाले. लोअर परळची फिनिक्स मिल्स १९०५ सालची. भावकॉपीत ती आजही आहे, नावात 'मिल्स'ही आहे, पण तिथे आता सूत निघत नाही, मॉल आहे. तक्त्याला याचे काही नाही. त्याच्या दृष्टीने ही एक सरळ, वर चढणारी रेघ आहे.

या निदान रेघा तरी आहेत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, काही सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्या. दादरच्या इंदू मिलची ओळ आजच्या यादीत शोधून सापडणार नाही. एपीआयच्या खिडकीशी आपण कंपन्यांची यादी मागतो तेव्हा ती आज जिवंत असलेल्यांची यादी देते. तिच्यावरून मागच्या चाळीस वर्षांचा अभ्यास केला तर उत्तर येणारच, की शेअर घ्या, बसून राहा, भले होईल. कारण ज्यांचे भले झाले नाही ते यादीतच नाहीत. १९८६ साली सेन्सेक्स निघाला तेव्हा त्यातल्या तीस कंपन्यांत बॉम्बे डाइंग आणि सेंच्युरी होत्या. आज त्या तिसांत नाहीत. निर्देशांक मागे पडलेल्यांना वगळतो, पुढे आलेल्यांना घेतो आणि वर जातो. यात लबाडी नाही, तो त्याचा नियम आहे. पण 'बाजार नेहमी वरच जातो' असे कोणी म्हटले, तर कोणाला धरून आणि कोणाला वगळून, हे विचारायला लालबाग-परळच्या मुलाला तरी अडचण पडू नये.

आता यंत्राच्या दुसऱ्या अर्ध्याविषयी, म्हणजे आपोआप खरेदी-विक्रीविषयी. हे करणे बेकायदा नाही. सेबीने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी परिपत्रक काढून लहान ग्राहकांच्या अशा व्यवहारांना चौकट आखून दिली आहे. प्रश्न कायद्याचा नाही, कुस्तीच्या जोडीचा आहे. सेबीनेच सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास मी संगणक-कक्षात बसून वाचला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये सौदे करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात होत्या. तोटा झालेल्याचा सरासरी तोटा खर्चासह सुमारे २ लाख रुपये. सर्वांचा मिळून १.८ लाख कोटींहून अधिक. सौदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचे प्रमाण एका वर्षात ३१ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. म्हणजे हा आपल्या वर्गाचा प्रश्न आहे. आणि परदेशी गुंतवणूक संस्थांचा ९७ टक्के नफा, तसेच स्वतःच्या पैशाने सौदे करणाऱ्या पेढ्यांचा ९६ टक्के नफा, यंत्रांकरवी केलेल्या सौद्यांतून आला होता. दादाचे म्हणणे अर्धे खरे होते. यंत्र घाबरत नाही. फक्त ते समोरच्याकडे आहे, आणि त्याचे संगणक शेअरबाजाराच्याच आवारात बसवलेले असतात. आपला मामाचा लॅपटॉप चाळीच्या गॅलरीत, मोबाइलच्या इंटरनेटवर.

काही मित्र म्हणतील, हीच ती मराठी वृत्ती! बाजाराला भ्यायचे आणि नोकरीला चिकटायचे. म्हणूनच गिरण्या आपण चालवल्या आणि भाग दुसऱ्यांनी विकत घेतले. या आक्षेपात तथ्य आहे, तो मी हसण्यावारी नेणार नाही. परळ ते दलाल स्ट्रीट हे अंतर फार नाही, तरी आमच्या आजोबांच्या पिढीला ते ओलांडता आले नाही. परंतु धंद्यात शिरणे आणि जुगाराच्या टेबलाशी बसणे यांत फरक आहे. ज्यांनी दलाल स्ट्रीटवर पिढ्यान्पिढ्या संसार केले त्यांची पहिली विद्या वहीची होती, धाडस नंतरचे. आपण धाडस उसने घेतले आणि वही तिथेच ठेवली.

म्हणून मी दादाला त्याचे यंत्र करून दिले नाही. दुसरी गोष्ट करून दिली. त्याच्या पेढीकडून आलेल्या सर्व सौद्यांच्या पावत्या त्याच नळातून काढल्या आणि एक तक्ता केला. चौदा महिन्यांत तो स्वतःच्या अंदाजाने 'वीसेक हजारांनी खाली' होता. तक्त्याने एकूण एकसष्ट हजार दाखवले, आणि त्यातले चोवीस हजार दलाली, कर व इतर खर्चाचे होते. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ''हे मला आधी कोणी का नाही दाखवले?'' त्याचे सौदे बंद झाले असे मी लिहिले तर ते खोटे होईल. कमी झाले आहेत. पतपेढीचा हप्ता आता पहिल्या तारखेला भरतो, आणि दर शनिवारी तक्ता पाहायला येतो.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर देणे माझ्या मते कॉलेजचे काम आहे. अर्थशास्त्राच्या पेपरात आम्ही भांडवल बाजाराची व्याख्या लिहितो, पण एका दिवसाची भावकॉपी उघडून पाहिलेले विद्यार्थी किती निघतील? ती फुकट आहे. कॉलेजच्या संगणक-कक्षात एक यंत्र रोज संध्याकाळी ती उतरवून घेईल, एवढी व्यवस्था दोन तासांत होते. अर्थशास्त्राच्या मुलांनी तिच्यावर अभ्यास करावा. इतिहासाच्या मुलांनी बंद पडलेल्या, नाव बदललेल्या गिरणी-कंपन्यांचा तक्ता भरावा. जुनी वर्तमानपत्रे ग्रंथालयांत आहेत, आणि माहीतगार माणसे अजून आमच्या चाळींत आहेत, ती कायमची राहणार नाहीत. मराठीच्या मुलांनी या साऱ्या शब्दांना आपल्या आईला कळेल असे मराठी द्यावे. खरेदी-विक्रीचा अर्धा भाग मात्र या नळाला जोडू नये. निदान वही वर्षभर नीट लिहून होईपर्यंत नाही.

या आशयाचा अर्ज मी विभागप्रमुखांकडे दिला आहे. मंजूर होईल तेव्हा होईल. तोवर माझी वही चालू आहे. ज्यांना हात लावायचा असेल त्यांनी शनिवारी शेवटच्या तासानंतर संगणक-कक्षात भेटावे. पायथन येत नसले तरी चालेल. सण, वार आणि हिशेब यांची चाड असली म्हणजे पुरे.