जोड्यांचा संग्रह: ठेवावा की विकावा?

मनुष्य कशाचा संग्रह करतो यावरून त्याची योग्यता ठरविण्याची खोड आपल्या समाजास फार जुनी आहे. ग्रंथांचा संग्रह करणारा विद्वान, नाण्यांचा संग्रह करणारा अभ्यासक, चित्रांचा संग्रह करणारा रसिक, आणि जोड्यांचा संग्रह करणारा मात्र वेडा, अशी ही प्रतवारी. आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की, तिचे कारण विचारावे असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. अलीकडे सुशिक्षित घरांतून जो एक वाद ऐकू येतो, त्याच्या निमित्ताने ते कारण एकदा विचारलेच पाहिजे असे आम्हांस वाटते.

वाद असा. ज्यास स्नीकर म्हणतात तो रबरी तळाचा खेळाचा जोडा आता आमच्या नांदेड-लातूरकडेही संग्रहाची वस्तू होऊन बसला आहे. मुलगा शिक्षणासाठी पुण्यास किंवा हैदराबादेस जातो, नोकरीस लागतो, आणि पहिल्या पगारापासून एकेक जोड घेऊ लागतो. पुढे लग्न होते; बिऱ्हाड लहान पडते; आणि दहा-पंधरा वर्षांत जमलेली ती खोकी आईबापांच्या घरी माळ्यावर येऊन पडतात. मग एखाद्या वर्षी धाकट्या भावंडाच्या शिकवणीची फी भरण्याची वेळ येते, आणि ही वेळ लातुरात कोणत्या घरी येत नाही? तेव्हा प्रश्न निघतो: हे ठेवावयाचे की विकावयाचे?

या प्रश्नावर दोन पक्ष पडतात. पहिला घरातील वडील मंडळींचा. ‘जोडे ते जोडे, पायांत घालावे, झिजले की टाकावे. त्यांची खोकी रचून ठेवणे म्हणजे उकिरड्यास देव्हारा बांधणे होय,’ असे हा पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष बाजाराचे ज्ञान मिरविणाऱ्या मित्रमंडळींचा. ‘हे जोडे नव्हेत, ही गुंतवणूक आहे, भाव चढेपर्यंत ठेवा आणि चढला की विका,’ असा त्यांचा उपदेश. आमच्या मते हे दोन्ही पक्ष चुकतात. आणि नवल हे की, दोघांची चूक एकच आहे. दोघेही जोड्याकडे पाहात नाहीत. एकास त्यात पायाची धूळ दिसते, दुसऱ्यास रुपयांचा आकडा दिसतो. मधला जोडा दोघांसही दिसत नाही.

पहिल्या पक्षाचा समाचार प्रथम घेऊ. त्याचा तिरस्कार वस्तुतः जोड्याविषयीचा नाहीच. ‘पायीची वहाण पायीच बरी’ ही म्हण आपल्याकडे कोण कोणास उद्देशून वापरीत आले, हे का सांगावयास पाहिजे? ती वहाणेविषयी कधीच नव्हती, माणसांविषयी होती. ज्या हातांनी कातडे कमावले आणि तळ शिवला, ते हात गावकुसाशी ठेवावयाचे, आणि त्या हातांची कृती उंबरठ्याबाहेर ठेवावयाची, हा एकाच वृत्तीचा दुहेरी व्यवहार आहे. एरवी पायातील वस्तू पूज्य होऊ शकते, हे आपणांस ठाऊक नाही असे थोडेच आहे? भरताने सिंहासनावर पादुकाच ठेवल्या. आषाढी वारीस आळंदीहून आणि देहूहून निघणाऱ्या पालख्यांत संतांच्या पादुकाच विराजमान असतात. पादुकेस पालखी द्यावयास आपण तयार आहोत. पायताण करणाऱ्यास ओसरीवर जागा द्यावयाची म्हटली की मात्र आपले औदार्य आटते. संत रोहिदासांच्या नावास हात जोडणारे घरही यास नेहमीच अपवाद असते असे नाही.

नांदेडच्या लोकांना तर याहून निर्मळ दृष्टी घरबसल्या पाहावयास मिळते. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, त्या सचखंड श्री हजूर साहिबमुळे शिखांची सेवावृत्ती हे शहर पिढ्यान्‌पिढ्या पाहात आले आहे. गुरुद्वाऱ्यातील जोडाघरात अनोळखी यात्रेकरूंचे जोडे हाती घेणे, पुसणे आणि परत देणे ही सेवा मानली जाते. ती करताना प्रतिष्ठित गृहस्थासही संकोच वाटत नाही. आपण ते पाहून कौतुकाने मान डोलावितो, आणि घरी येऊन मुलाच्या जोड्यांस उकिरडा म्हणतो!

संग्रहास योग्य वस्तू कोणती, याचा धडाही महाराष्ट्रास पूर्वीच मिळाला आहे. दिनकर केळकर (१८९६-१९९०) यांनी पुण्यास जे जमविले, त्यात दिवे, अडकित्ते, फण्या, स्वयंपाकाची भांडी अशा रोजच्या वापरातील वस्तूंचा मोठा भरणा होता. आज त्यांच्या संग्रहालयातील अडकित्त्यांपुढे आपण आपली मुलेबाळे नेऊन उभी करतो. अडकित्ता चालतो आणि जोडा चालत नाही, यास हातात धरावयाची वस्तू आणि पायात घालावयाची वस्तू यापलीकडे कोणते कारण दाखविता येईल?

वडील मंडळींस आम्ही नम्रपणे एक प्रश्न विचारतो. आपल्या आजोबांच्या पायात गावच्या कारागिराने शिवलेल्या वहाणा होत्या. त्यांतील एक जोड, करणाऱ्याच्या नावासह, आज आपल्यापैकी किती घरांत आहे? पानदान आहे, समई आहे, निजामाच्या राज्यातील हाली सिक्क्याचा रुपयाही सापडेल. वहाण सापडणार नाही. कोल्हापुरी चपलेस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२५ साली इटलीच्या प्राडा या पेढीने मिलान येथे तिच्याच धर्तीची चप्पल मांडली तेव्हा महाराष्ट्रभर संताप झाला. संताप रास्त होता. परंतु उद्या मराठवाड्यातील एखाद्या वहाणेची अशी नक्कल झाली, तर ‘ही आमची’ म्हणून पुढे करावयास आपल्या घरांत काय आहे? जे आपण शेजारच्या कारागिराविषयी केले नाही, ते हा मुलगा परदेशी कारखान्याविषयी का होईना, करीत आहे. त्याचा विषय चुकला असेल. वृत्ती चुकलेली नाही.

याच पक्षाचा दुसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसरात घरेच्या घरे दगडमातीखाली गेली आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. ज्यांनी ते दिवस पाहिले, ते म्हणतात, ‘वस्तूंचा लोभ धरून काय मिळवावयाचे?’ या बोलण्यापुढे मान लववावी असेच ते आहे. तथापि त्यातून निघणारा निष्कर्ष वस्तुमात्र तुच्छ आहे असा नव्हे. माणूस गेल्यानंतर मागे राहिलेली त्याची एखादी क्षुल्लक वस्तू काय होऊन बसते, हे त्या लोकांहून अधिक कोण जाणतो? ढीग निरर्थक ठरतो, हे खरे. त्या ढिगातील ती एक वस्तू निरर्थक ठरत नाही. ती कोणती, हे ओळखण्यातच सारे शहाणपण आहे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. यांच्या बोलण्यात एक दृष्टांत हटकून येतो. मायकेल जॉर्डन या अमेरिकन बास्केटबॉलपटूने १९९८ च्या अंतिम मालिकेतील एका सामन्यात घातलेला जोड एप्रिल २०२३ मध्ये सदबीजच्या लिलावात सुमारे २२ लाख डॉलरांस गेला. दृष्टांत खरा आहे. पण तो नेमका या पक्षाच्या विरुद्ध जातो. ही किंमत आली कशाची? तो जोड कोरा नव्हता, वापरलेला होता. किंमत आली ती तो कोणी, कोठे आणि कोणत्या सामन्यात घातला, याच्या पुराव्याची. ज्याच्या खोक्यात जोडही कोरा आणि त्याविषयीची माहितीही कोरी, त्याने या दृष्टांताने हुरळून जाण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय ज्या भावाची दोरी दुसऱ्याच्या हाती, त्यास आपली संपत्ती म्हणावयाचे कसे? जुने नाणे टाकसाळीतून पुन्हा पडत नाही. कारखाना मात्र मनात येईल तेव्हा तोच जोड पुन्हा काढू शकतो. नायकीचा काळा-पांढरा ‘डंक’, ज्यास शौकीन ‘पांडा’ म्हणतात, २०२१ साली आला तेव्हा पुनर्विक्रीत मूळ किमतीहून बराच अधिक भाव खात होता. कंपनीने तो पुन्हा पुन्हा बाजारात आणला आणि तो तोरा उतरला. आदिदास कंपनीने कान्ये वेस्ट या गायकाशी केलेला ‘यीझी’ जोड्यांचा करार त्याच्या ज्यूद्वेष्ट्या उद्गारांमुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये मोडला, आणि तयार मालाच्या राशी कंपनीच्याच गळ्यात पडल्या. एका माणसाच्या जिभेवर आणि एका कंपनीच्या लहरीवर ज्याचे मोल अवलंबून, त्यास गुंतवणूक म्हणणे हे धाडस आहे. आणि लातूरच्या माळ्यावर ठेवून त्याची वाट पाहणे, हे तर त्याहूनही मोठे धाडस आहे.

कारण खरा शत्रू खोक्यातच दडलेला असतो. पुष्कळशा स्नीकरांच्या तळाचा मधला मऊ थर पॉलियुरेथेन नावाच्या द्रव्याचा केलेला असतो. हवेतील ओलावा त्या द्रव्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तोडीत जातो, आणि उष्णता त्यास हातभार लावते. असा जोड पुष्कळ वर्षांनी बाहेर काढून पायांत घालावा, तो चार पावलांत तळाचा भुगा होतो. कोरा ठेवला म्हणून तो यातून सुटत नाही. मे महिन्यातील तापलेला पत्रा आणि त्यामागून येणारी पावसाळ्याची दमट हवा, एवढी सामग्री मिळाली की चिकटविलेले सांधे सुटतात, पांढरे रबर पिवळे पडते, आणि गुंतवणूक चाळणीने चाळण्यासारखी होते. सोने पुरून ठेवता येते. जोडा पुरून ठेवता येत नाही.

मग संग्रह तरी कशास म्हणावे? याचे उत्तर शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. लातूरच्या शेजारी, धाराशिव जिल्ह्यात, गोरा कुंभारांचे तेर हे गाव आहे. प्राचीन काळी तगर या नावाने ते रोमन व्यापारासही परिचित होते. तेथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीत सापडणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, हस्तिदंती वस्तू वर्षानुवर्षे वेचल्या. तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ साली इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी आज विद्वान ताडून पाहतात. फुटक्या खापरांचा हा छंद व्यवहारी माणसाच्या हिशेबात बसणारा नव्हे. परंतु लामतुरे यांचा संग्रह शासनाकडे गेला, आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय तेरमध्येच उभे राहिले. तो मणी बाजारात नेऊन विकता आला असता. पण तेरपासून तुटलेला मणी हा नुसता मणी. तो कोठे मिळाला हे जोवर त्याच्याबरोबर आहे, तोवरच तो इतिहास आहे.

हेच जोड्यांसही लागू आहे. बाटा हे नाव आपल्या घरोघरी परिचयाचे. त्या कुटुंबातील सोन्या बाटा यांनी देशोदेशीची पादत्राणे जमविली. त्यांसाठी १९९५ साली कॅनडातील टोरांटो येथे स्वतंत्र इमारत उघडली, आणि तेथे २०१३ साली स्नीकरांच्या इतिहासाचेही प्रदर्शन भरले. त्या संग्रहास मोल आहे ते जोड कोणत्या लोकांचा, कोणत्या काळाचा आणि कोणत्या कामाचा हे तेथे समजते म्हणून.

तेव्हा आमचे मत असे. ज्याने हे जोड जमविले त्यानेच कागद घेऊन त्या खोक्यांपुढे बसावे. प्रत्येक जोड कोणत्या साली, कोठे, केवढ्यास घेतला. कोणत्या देशात तयार झाला, कारण आतल्या पट्टीवर व्हिएतनाम, इंडोनेशिया किंवा चीन असे काहीतरी छापलेले असते. आणि मुख्य म्हणजे तो का घेतला, हे लिहावे. ज्याविषयी किमतीपलीकडे एक ओळही सुचत नाही, तो निःशंकपणे विकावा. तो संग्रह नव्हे, साठा आहे; आणि धाकट्या बहिणीच्या फीसाठी साठा विकण्यात कसलाही कमीपणा नाही, उलट भूषणच आहे. ज्याविषयी दोन ओळी लिहिता येतात आणि ज्याचा तळ अजून धड आहे, तो पायात घालावा. जोडा चालण्यासाठी जन्मास आला आहे. ज्याविषयी पानभर लिहिल्यावाचून राहवत नाही, तो ठेवावा, आणि ते पान त्याच्याबरोबर ठेवावे. असे जोड चार-सहाहून अधिक निघतील असे आम्हांस वाटत नाही. निघाले तर त्या मनुष्याजवळ खरोखरीच संग्रह आहे, आणि त्याने तो दहा लोकांस दिसेल अशी सोय पाहावी.

वडील मंडळींसही एक काम आहे. मुलगा नसताना भंगारवाल्यास हाक मारू नये. उलट त्या चार-सहा जोडांशेजारी आपल्याकडून आणखी दोन ठेवावे: एक, शाळेच्या कवायतीस घालावयाचा तो पांढरा कापडी बूट, ज्यास खडूची पूड फासून आपण रांगेत उभे राहात होतो, आणि दुसरा, अजून जो कोणी कारागीर आपल्या गावी वहाण शिवीत असेल, त्याच्याकडून मोल देऊन करविलेला जोड, त्याच्या नावागावासह. तो घरात, उंबरठ्याच्या आत ठेवावा. मुलाच्या संग्रहास हसण्याचा अधिकार त्यानंतर ज्यास वाटेल त्याने खुशाल बजवावा.