गोळीची लाज कुणाला?

गेली एकवीस वर्षे मी मिरगीच्या गोळ्या घेते. सकाळी एक, रात्री एक. एवढ्या वर्षांत फिटपेक्षा जास्त छळले ते आपल्याच माणसांच्या सल्ल्यांनी. "आता फिट येत नाही ना, मग गोळी कशाला?" "रमजानमध्ये तरी बंद ठेव." "निकाह होईपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस." हे सल्ले प्रेमापोटी दिले जातात, म्हणून त्यांना कोणी विरोध करत नाही. मला तो करायचा आहे, कारण त्यांनी जीव जाऊ शकतो.

फिट येत नाही, ती बहुतेकदा गोळी चालू आहे म्हणून. गोळी एकदम थांबवली तर फिट परतू शकते. कधी एकामागून एक येत राहतात आणि मध्ये शुद्धच येत नाही. गोळ्या सुटू शकतात, पण काही वर्षे फिट आली नसेल तर आणि डॉक्टरांनी अनेक महिने हळूहळू मात्रा कमी करत नेली तर. हा निर्णय फुफूचा नाही, शेजाऱ्याचा नाही आणि मौलवींचाही नाही.

रमजानबद्दल तर धर्माच्या नावाने धर्मालाच मागे सारले जाते. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ क्रमांकाच्या आयतींत आजारी माणसाला रोजातून सूट आहे. कुरआनने दिलेली सूट मोहल्ल्याने काढून घ्यावी, हा अधिकार कुणाचा? ज्यांना रोजा ठेवायचाच आहे, त्यांनी दोन महिने आधी डॉक्टरांना भेटावे. दिवसातून दोनदा घ्यायची गोळी काहींना सहरी-इफ्तारला बसवता येते. तीनदा घ्यायची असेल तर वेळापत्रक किंवा औषधच बदलावे लागते. स्वतःच्या मनाने दोन मात्रा एकत्र घेऊ नयेत. लांब काळ काम करणारी गोळी कुटून किंवा चावून खाऊ नये. शिवाय तरावीह आणि सहरीमुळे झोप तुटते. अपुरी झोप हे फिटचे मोठे निमित्त आहे, हे फार थोड्यांना माहीत असते.

सर्वांत जास्त किंमत मुली मोजतात. आजार लपवून निकाह लावला की सासरी गोळीही लपवावी लागते. लपवलेली गोळी वेळेवर घेतली जात नाही, आणि दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी जे बोलायला हवे ते बोलले जात नाही. व्हॅल्प्रोएट हे औषध गरोदरपणी चालू राहिले तर सुमारे दहांतल्या एका बाळात जन्मजात दोष आढळतो, बौद्धिक वाढीवरही परिणाम होऊ शकतो. म्हणून ते आधीच बदलून घ्यायचे असते. पण दिवस गेल्याचे कळल्यावर घाबरून स्वतःच गोळी बंद करणेही तितकेच धोक्याचे. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन यांसारख्या औषधांमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा प्रभाव कमी होतो, हेही सुनेला कोण सांगणार, जर तिचा आजारच घराला ठाऊक नसेल?

हा प्रश्न एकट्या आपल्या समाजाचा नाही. हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा यांतून मिरगीची अट काढायला १९९९ साल उजाडावे लागले. कायद्यातून ती गेली, बैठकीतल्या बोलण्यातून गेली नाही.

आणि ज्यांना अजून यात जिन दिसतो त्यांना एवढेच सांगते: दर्ग्यावर जायचे तर जा, दुआ मागा, पण गोळी चुकवू नका. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. फिट आलेल्या माणसाला चप्पल किंवा कांदा हुंगवू नका, तोंडात काही घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ बघा. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर १०८ला फोन करा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य निदान आणि उपचार मिळाले तर सुमारे ७० टक्के रुग्ण फिटविना जगू शकतात. माझी मागणी साधी आहे. शाबानच्या एखाद्या जुम्याला इमामसाहेबांनी मिंबरवरून जाहीर सांगावे की आजाऱ्याने औषध सोडू नये. आणि मुलगी बघायला येणाऱ्यांसमोर आईबापांनी मधुमेहाची गोळी सांगतात तशीच ही गोळीही सांगावी. जे स्थळ त्यावरून मोडेल, ते मोडलेलेच बरे.