गंजलेले इंजिन कोणी वाचवायचे?



साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन नावे तुम्ही ऐकली आहेत का? ही राजांची किंवा गावांची नावे नाहीत. ती तीन इंजिनांची नावे आहेत. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईच्या बोरीबंदरहून ठाण्याकडे आपल्या देशातील पहिली प्रवासी गाडी निघाली. चौदा डबे होते आणि सुमारे चारशे पाहुणे होते. एकवीस तोफांची सलामी झाली आणि ही तीन इंजिने ती गाडी ओढत घेऊन गेली.

आज ती इंजिने पाहायची म्हटली तर कोठे पाहाल? कोठेच नाही. तिन्हींपैकी एकही उरलेले नाही. त्यांचे काम संपले, नवी इंजिने आली आणि जुन्यांकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. ज्या इंजिनांनी देशाला रेल्वे दाखवली, त्यांचे एखादे चाकसुद्धा आपल्याला दाखवता येत नाही. ही गोष्ट मला फार खटकते.

तुमच्यापैकी कोणी विचारील, "जुन्या लोखंडासाठी एवढे वाईट का वाटावे? शाळेचे छप्पर गळते, दवाखान्यात औषध मिळत नाही. मग गंजलेल्या इंजिनावर पैसा का घालवायचा?" हा प्रश्न चांगला आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर देण्याआधी तुम्हाला एका छोट्या रेल्वेची हकिकत सांगतो.

ब्रिटनमध्ये वेल्स नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे समुद्राकाठी टाउइन हे लहानसे गाव आहे. या गावापासून डोंगरातील खाणीकडे जाण्यासाठी टॅलिथ्लिन नावाची रेल्वे बांधण्यात आली. १८६५ साली तिला कायद्याने मंजुरी मिळाली. या खाणीत पाटीचा दगड निघत असे. पूर्वी आपण ज्या दगडी पाटीवर मुळाक्षरे गिरवत होतो, त्याच जातीचा हा दगड. तिकडे तो घरांच्या छपरावर घालतात. रेल्वेच्या दोन रुळांमधले अंतर अवघे सव्वादोन फूट होते. 'टॅलिथ्लिन' आणि 'डॉलगॉच' ही दोन छोटी इंजिने दगडही आणत आणि माणसेही नेत.

पुढे दगडाची मागणी घटली आणि १९४६ नंतर खाण बंद पडली. रेल्वेचे मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी मात्र आपण जिवंत आहोत तोवर गाडी चालू ठेवायची, असे ठरवले होते. तोटा सोसून त्यांनी ती चालवली. १९५० साली त्यांचे निधन झाले. रूळ गवतात बुडाले होते. लाकडी स्लीपर कुजले होते. दोनपैकी एकच इंजिन कसेबसे चालत होते. आता ही रेल्वे मोडीत निघणार, असेच सर्वांना वाटले.

तेव्हा टॉम रोल्ट नावाचे एक लेखक पुढे आले. त्यांनी शिक्षण इंजिनियरिंगचे घेतले होते. ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅम शहरात त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी सभा बोलावली. सरकारकडे अर्ज करून वाट पाहत बसण्यापेक्षा आपणच ही रेल्वे चालवू, असे त्यांनी ठरवले. संस्था स्थापन झाली. लोकांनी वर्गणी दिली. सर हेन्री यांच्या पत्नीनेही मोठ्या मनाने रेल्वे या संस्थेच्या हाती सोपवण्यास मान्यता दिली. मे १९५१ मध्ये गाडी पुन्हा धावू लागली. स्वयंसेवकांनी वाचवलेली ही जगातील पहिली रेल्वे होय.

पहिल्या वर्षी सारा भार पंच्याऐंशी वर्षांच्या डॉलगॉच इंजिनावर होता. शेजारच्या एका बंद पडलेल्या रेल्वेची दोन इंजिने सरकारी रेल्वेकडून मिळाली. ती प्रत्येकी पंचवीस पौंडांना घेतली. भंगाराच्या भावात घेतलेल्या त्या इंजिनांवर पुढे कितीतरी गाड्या चालल्या. १९५८ साली टॅलिथ्लिन इंजिनही दुरुस्त होऊन परत आले. १९७६ मध्ये मार्ग आणखी पुढे डोंगरात नेण्यात आला. २०२१ साली युनेस्कोने वेल्समधील दगडखाणींच्या प्रदेशाला जागतिक वारशाचा मान दिला. त्यात या छोट्या रेल्वेचाही समावेश आहे.

आता नफा न घेणारी संस्था म्हणजे काय, ते समजून घ्या. अशा संस्थेत तिकिटाचे पैसे, सभासदांची वर्गणी आणि देणग्या जमा होतात. खर्च भागून जे उरेल ते कोणी वाटून घेत नाही. ते पुन्हा रुळांवर, डब्यांवर आणि इंजिनांवर खर्च होते. थोडी माणसे पगारावर असतात. बाकीची हौसेने येतात. कोणी शिक्षक असतो, कोणी कारकून, कोणी निवृत्त फिटर. सुट्टीच्या दिवशी हे लोक गवत काढतात, डब्यांना रंग देतात, तिकिटे फाडतात आणि भट्टीत कोळसाही टाकतात.

इंजिन दुरुस्त करणे म्हणजे त्याला काळा रंग फासून चौथऱ्यावर उभे करणे नव्हे. वाफेच्या इंजिनाचा जीव त्याच्या बॉयलरमध्ये असतो. त्यात डझनावारी नळ्या असतात. भट्टीचा गरम वायू त्या नळ्यांमधून जातो आणि भोवतालच्या पाण्याची वाफ होते. वर्षानुवर्षे पाण्याचा क्षार साचतो आणि पत्रा आतून झिजतो. म्हणून बॉयलर पूर्ण खोलावा लागतो. जुन्या नळ्या काढून नव्या बसवाव्या लागतात. मग त्यात पाणी भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात आणि कोठे गळते का ते पाहतात. तपासनिसाने पसंती दिल्याशिवाय इंजिन पेटवता येत नाही. त्याचे सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. आधी लाकडाचा साचा करायचा, त्यावरून ओतकाम करायचे आणि मग लेथवर तो भाग कातून घ्यायचा. या कामात महिने नव्हे, वर्षे जातात.

माझ्या मते या कामातून सर्वांत मोठा लाभ होतो तो हाच. इंजिन वाचते आणि त्याच्याबरोबर हातातले कसबही वाचते. म्हातारा मिस्त्री तरुण मुलाला शेजारी उभे करून रिव्हेट कशी ठोकायची ते दाखवतो. हे ज्ञान पुस्तकात पूर्ण उतरत नाही. मिस्त्री गेला आणि शिकणारा कोणी नसला, तर ते त्याच्याबरोबरच जाते.

एकदा गमावलेली वस्तू परत मिळवायला काय पडते, तेही पाहा. इंग्लंडमध्ये 'ए-१' जातीची एकोणपन्नास मोठी इंजिने होती. १९६६ सालापर्यंत ती सगळी मोडण्यात आली. एकही ठेवले नाही. पुढे काही लोकांना आपली चूक कळली. १९९० साली त्यांनी न्यास स्थापून तसेच इंजिन अगदी नव्याने बांधायचे ठरवले. हजारो साध्या माणसांनी थोडी थोडी रक्कम नेमाने दिली. २००८ साली 'टॉर्नेडो' नावाचे ते इंजिन रुळावर धावले. त्याला सुमारे अठरा वर्षे लागली आणि तीस लाख पौंडांच्या आसपास खर्च आला. त्या एकोणपन्नासांपैकी एक जरी त्या वेळी राखले असते, तर?

आता मघाच्या प्रश्नाकडे वळू. दवाखाना आधी की इंजिन आधी? सरकारच्या तिजोरीतून एकालाच पैसा देता येत असेल, तर तो दवाखान्याला द्यावा, असेच मी म्हणेन. म्हणूनच हे काम लोकांच्या संस्थांनी करावे, असे मला वाटते. येथे माणूस स्वखुशीने आपला पैसा आणि वेळ देतो. कोणाच्या तोंडचा घास काढला जात नाही. शिवाय गाडी पाहायला प्रवासी येतात. त्यांच्यामुळे गावातील खानावळींना आणि दुकानांना गिऱ्हाईक मिळते. खाण बंद पडलेल्या गावाला असा आधार लहान नसतो.

तरी काही अटी मला आवश्यक वाटतात. प्रत्येक जुने इंजिन वाचवता येणार नाही. कोणते वाचवायचे, हे विचाराने ठरवावे. लोकांच्या पैशाचा हिशेब लोकांपुढे उघडा ठेवावा. हौस कितीही असो, सुरक्षिततेत कसूर होऊ नये. कोळशाचा धूर वाईटच असतो, हेही विसरू नये. आणि इंजिनाबरोबर ज्यांनी कोळसा उपसला, दगड फोडला आणि रूळ टाकले, त्या मजुरांची कहाणीही सांगावी. नाहीतर आपण लोखंड जपू आणि माणसे विसरू.

आपल्याकडे असे काही नाही, असे समजू नका. नेरळहून माथेरानला जाणारी झुकझुक गाडी आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःचे पैसे घालून बांधली. ती १९०७ साली सुरू झाली. २००५ च्या पुरात मार्ग वाहून गेला, तरी तो पुन्हा बांधण्यात आला. १८५५ साली बांधलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन रेल्वेच्या कामगारांनी दुरुस्त केले आणि १९९७ साली ते पुन्हा गाडी ओढू लागले. आपल्या कारागिरांत कसब आहे, याचा हा पुरावा आहे. पण आपल्याकडे असे काम बहुतेक सरकारी रेल्वेच करते. आपण नागरिक फक्त तिकीट काढतो आणि फोटो घेतो. रेल्वेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नागरिकांच्या संस्थांनीही यात हात घालावा, असे मला वाटते.

तुम्ही विचाराल, "आम्ही मुले काय करणार?" पुष्कळ करू शकाल. तुमचे आजोबा, नाना किंवा शेजारचे कोणी चाचा रेल्वेच्या शेडमध्ये, गिरणीत किंवा छापखान्यात काम करीत असतील. त्यांच्याजवळ बसा. ते कोणती हत्यारे वापरत, त्यांना काय म्हणत, काम कसे शिकले, हे विचारा आणि वहीत लिहून घ्या. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, पण लिहा. आणि स्टेशनाबाहेर एखादे जुने इंजिन उभे दिसले, तर त्यावर खिळ्याने आपले नाव कोरू नका. त्याच्यावर कोरलेले कारखान्याचे नाव आणि साल वाचा.

साहिब, सिंध आणि सुलतान आता परत येणार नाहीत. पण आज जे उरले आहे ते उद्याही राहावे, एवढे आपल्या हाती नक्कीच आहे.