बंद पडलेल्या मशीनचे कारण शोधू द्या
शालेय संगणक प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या शिक्षकांचे मागणीपत्र

प्रति,
शालेय संगणक खरेदी व देखभाल समिती

विषय : प्रयोगशाळांतील लिनक्स संगणक हँग होणे व पडद्यावरचे चित्र बिघडणे यांचे निदान, दुरुस्ती आणि पुढील खरेदी

महोदय, महोदया,

‘मशीन वारंवार हँग होतात’ या कारणावरून प्रयोगशाळांतले लिनक्स काढून टाकावे, असा प्रस्ताव समितीपुढे आहे. आम्ही या प्रयोगशाळा रोज उघडणारे, रोज बंद करणारे शिक्षक आणि साहाय्यक. आमचा या प्रस्तावाला विरोध आहे. ‘हँग’ या एका शब्दाखाली निदान पाच निरनिराळे बिघाड झाकले जातात आणि त्यांतले काही असे आहेत, की मशीनवर दुसरे काहीही टाकले तरी ते जसेच्या तसे राहतील. कारण न शोधता प्रणाली बदलली, तर खर्च होईल आणि तक्रार तिथेच राहील. म्हणून कारण शोधण्याचा अधिकार, साधने आणि वेळ आम्हाला द्यावा, ही या पत्राची मूळ मागणी आहे. बाकीच्या मागण्या तिच्यातूनच निघाल्या आहेत.

लिनक्स आमच्याकडे हौसेने आलेले नाही, हे आधी नोंदवतो. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला. विंडोज 11 ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागते. आमच्या बहुतेक मशीन त्याहून जुन्या आहेत, पण चालत्या आहेत. मुक्त सॉफ्टवेअरमुळे त्या मुलांच्या हाताखाली राहिल्या, नाहीतर भंगारात गेल्या असत्या.

आता बिघाडाकडे येतो. तासाला मूल हाक मारते, ‘सर, पीसी अडकला.’ त्या क्षणी दोन मिनिटांत बरेच काही कळू शकते. माउसचा बाण हलतो का? कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ 3 दाबून अक्षरांचा काळा पडदा येतो का? शेजारच्या मशीनवरून एसएसएचने आत जाता येते का? बाण गोठला, पण शेजारून आत जाता आले, तर मशीन जिवंत आहे आणि फक्त चित्र काढणारा भाग अडकला आहे. कॅप्स लॉकही मेला असेल, तर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, स्वतःच थांबला असावा किंवा हार्डवेअरने दगा दिला असावा. डिस्कचा दिवा अखंड पेटलेला असेल आणि बाण अर्ध्या मिनिटाने एकदा सरकत असेल, तर बहुधा रॅम संपलेली आहे. तिन्ही वेळा मुलाला दिसतो तो एकच गोठलेला पडदा, पण तिन्हींचे उपाय एकमेकांच्या जवळपासही नाहीत.

दुसरा पुरावा नोंदींत असतो. लिनक्स काय घडले ते लिहून ठेवते. मशीन पुन्हा सुरू केल्यावर ‘जर्नलसीटीएल’ला मागच्या सत्राच्या कर्नलच्या नोंदी मागितल्या, की शेवटच्या ओळींत पुष्कळदा कारण सापडते : ग्राफिक्स चिप हँग झाली, मेमरी संपून एखादा प्रोग्राम मारला गेला, डिस्कने वाचताना चूक दिली. मात्र या नोंदी डिस्कवर कायम राहतील अशी मांडणी हवी. ती नसेल तर रीस्टार्टबरोबर सगळे पुसले जाते. आमच्या पुरवठादाराने बसवलेल्या मांडणीत नेमके हेच होते आणि नोंदी पाहण्याचा प्रशासक पासवर्ड त्याच्याकडेच असतो. इंटेलच्या ग्राफिक्समध्ये ‘जीपीयू हँग’ झाला, की कर्नल त्या क्षणाची स्थिती एका फाइलीत धरून ठेवतो. ती फाइल मशीन बंद होईपर्यंतच टिकते. ती उतरवून घ्यायला पासवर्ड लागतो, तो मागायला फोन करावा लागतो आणि तोवर तास संपतो.

म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत एका जबाबदार शिक्षकाला प्रशासक अधिकार लेखी आदेशाने मिळावेत. नोंदी डिस्कवर कायम राहाव्यात. एसएसएच शाळेच्या अंतर्गत जाळ्यापुरते चालू असावे. मॅजिक सिसआरक्यू, म्हणजे अडकलेल्या मशीनच्या कर्नलला थेट आदेश देणारी कळांची सोय, पूर्ण उघडलेले असावे, कारण लिनक्सच्या अनेक वितरणांत त्याच्या थोड्याच क्रिया चालू ठेवलेल्या असतात. ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी ही अक्षरे सावकाश क्रमाने दाबली, तर अडकलेली मशीनही बहुतेकदा डिस्कवरचे लिखाण पुरे करून पुन्हा सुरू होते. पॉवरचे बटण दाबून धरण्याची सवय मुलांना लावणे म्हणजे त्यांच्या फाइली आणि डिस्क दोन्ही पणाला लावणे. यातल्या कशालाही एक रुपया लागत नाही.

तक्रारीचा नमुना बदलावा, ही याला जोडूनच मागणी आहे. सध्याच्या फॉर्मात मशीनचा क्रमांक आणि ‘चालू/बंद’ एवढेच रकाने आहेत. त्यावरून येणारा तंत्रज्ञ फॉरमॅट मारतो आणि जातो. पुरावा गेला, मुलांचे काम गेले आणि पुढच्या आठवड्यात तीच मशीन पुन्हा हँग. फॉर्मात पाच गोष्टी याव्यात : काय चालू होते, काय दिसले, वर सांगितलेल्या चाचण्यांना काय उत्तर आले, कर्नलची आवृत्ती आणि ग्राफिक्स चिपचे नाव. सोबत नोंदींची फाइल असावी. नोंदी न पाहता प्रणाली पुन्हा टाकणे ही दुरुस्ती समजली जाऊ नये आणि तिचे बिल मंजूर होऊ नये.

रॅमबद्दल आम्ही थोडक्यात पण ठामपणे सांगतो. चार जीबी रॅम आणि जुनी फिरती हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर आजचा ब्राउझर पाच-सहा टॅबांसह उघडला, की मेमरी भरते आणि कर्नल डिस्कवर पाने टाकत-उचलत बसतो. हे लिनक्सच्या नावावर लागणारे हँग आमच्या अनुभवात सर्वांत जास्त आहे. आहे त्या मशीनवर झेडरॅम चालू करून मेमरीतच पाने दाबून ठेवता येतात आणि ‘अर्लीओओएम’सारखी सेवा बसवली, तर मशीन गुदमरण्याआधी सर्वांत जड प्रोग्राम बंद होतो. हे लगेच करू द्यावे. पुढच्या अंदाजपत्रकात रॅम आठ जीबी आणि डिस्कच्या जागी एसएसडी धरावी. नव्या मशीन घेण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त आहे.

वीज आणि उष्णता यांकडेही पाहावे लागेल. पत्र्याच्या छताखालच्या खोलीत एप्रिलमध्ये दुपारच्या तासाला पंख्यात धूळ भरलेली मशीन अडकली, तर दोष सॉफ्टवेअरचा नाही. अर्थिंग तपासलेले असावे, यूपीएसच्या बॅटऱ्या वेळेवर बदलाव्यात, प्रत्येक सत्राच्या सुरुवातीला धूळ काढावी. मेमटेस्ट 86+ रात्रभर चालवून रॅमची परीक्षा घ्यावी. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे संपर्क खोडरबराने पुसले आणि पुन्हा बसवली, एवढ्यानेही ज्या मशीन सुधारतात, त्या दुरुस्तीच्या यादीत महिनोन्‌महिने पडून राहू नयेत.

काही हँग प्रोसेसरच्या घडणीतून येतात आणि हे समितीने विशेष लक्षात घ्यावे, कारण स्वस्त खरेदीत असेच प्रोसेसर येतात. इंटेलच्या ‘बे ट्रेल’ पिढीतले सेलेरॉन (2013 नंतरच्या कित्येक स्वस्त मशीनमध्ये ते आहेत) लिनक्सवर रिकामे बसले असताना खोल झोपेच्या अवस्थेत जायचे आणि पुष्कळदा उठायचेच नाहीत. कर्नलच्या दोष-नोंदवहीत यावर वर्षानुवर्षे चर्चा चालली. सुरुवातीच्या ओळीत ‘इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=1’ लिहिले, की मशीन स्थिर होते; वीज थोडी जास्त खाते, एवढेच. एएमडीच्या पहिल्या पिढीच्या रायझन मशीनही मोकळ्या असताना अडकत आणि पुष्कळ मदरबोर्डांवर बायोसमधल्या ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ या एका पर्यायाने ते थांबे. एका ओळीच्या उपायाअभावी एखाद्या शाळेची अख्खी रांग बंद राहते, हे आम्हाला सहन होत नाही. कोणत्या मशीनला कोणता उपाय लागू पडला, याची सामायिक नोंदवही तालुका पातळीवर ठेवण्यास समितीने मान्यता द्यावी. ती आम्ही लिहू.

आता ग्राफिक्स. पडद्यावर काळे चौकोन उमटणे, अक्षरे फाटणे, खिडकी हलवताना मागे तिचा माग राहणे, पडदा लुकलुकणे या तक्रारींचे मूळ जवळजवळ नेहमी खरेदीच्या कागदात सापडते. लिनक्सवर चित्र काढण्याचे काम दोघे मिळून करतात : कर्नलमधला ड्रायव्हर आणि 1993 साली ब्रायन पॉल यांनी सुरू केलेले मेसा. ज्या चिपची माहिती तिच्या कंपनीने खुली केली, तिचा ड्रायव्हर कर्नलसोबतच येतो आणि कर्नलसोबतच सुधारतो. इंटेलचे तसे आहे. एएमडीने 2007 पासून ती वाट धरली आणि तिचा ‘एएमडीजीपीयू’ ड्रायव्हर 2015 मध्ये कर्नल 4.2 मध्ये आला. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी ‘नूव्हो’ हा मुक्त ड्रायव्हर मात्र स्वयंसेवकांना कार्डाचे वागणे पाहून, उलट दिशेने शोधून लिहावा लागला. 2014 च्या जीटीएक्स 900 मालिकेपासून कंपनीची सही असलेले फर्मवेअर आवश्यक झाले आणि त्यामुळे नूव्होला कार्डाचा वेगच वाढवता येईना. कंपनीने मे 2022 मध्ये कर्नलमधला आपला भाग खुला केला, तोही ट्युरिंग आणि त्यापुढच्या पिढ्यांसाठी. आमच्या प्रयोगशाळांतली जुनी, स्वस्त कार्डे त्यात बसत नाहीत. केपलर पिढीच्या कार्डांसाठी कंपनीचा बंद ड्रायव्हर 470 मालिकेवर थांबला आहे. कर्नल पुढे जाईल तसतसे तो बसवणे अवघड होत जाणार. सुरक्षा अद्यतन घ्यावे तर पडदा काळा आणि पडदा राखावा तर अद्यतन बंद, असा पेच शाळेपुढे कायमचा उभा राहतो. यात शिक्षकाने काय करावे?

आणखी एक बिघाड असा, की तो बिघाड म्हणून कोणी नोंदवतच नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर सापडला नाही, किंवा कोणीतरी एकदा ‘नोमोडसेट’ लिहून मशीन चालू केली आणि ते तसेच राहिले, तर चित्र काढण्याचे सगळे काम ‘एलएलव्हीएमपाइप’च्या मार्गाने प्रोसेसरवर येऊन पडते. मशीन चालते, पण जीकॉम्प्रीसारखे मुलांचे शैक्षणिक सॉफ्टवेअर उघडले की धापा टाकते, तापते आणि मग अडकते. ‘जीएलएक्सइन्फो’च्या उत्तरात रेंडररचे नाव वाचले की हे एका क्षणात कळते. उपायही साधे असतात. इंटेलच्या जुन्या एक्स ड्रायव्हरऐवजी डेबियन आणि उबुंटूने 2016 च्या सुमारास ‘मोडसेटिंग’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर स्वीकारला. कुठल्या मशीनवर जुनाच राहिला असेल तर तो बदलावा. लॅपटॉपचा पडदा लुकलुकत असेल, तर ‘पॅनल सेल्फ रिफ्रेश’ बंद करून पाहावे. वेलँड आणि एक्स या पडदा मांडण्याच्या दोन पद्धती आहेत; वेलँडवर बिघडत असेल तर एक्सवर आणि एक्सवर बिघडत असेल तर वेलँडवर लॉगिन करून दोष कोणत्या बाजूला आहे ते ठरवावे. हे सगळे शिकता येते. आमच्यातले कित्येक जण ते शिकलेही आहेत.

म्हणून खरेदीच्या निविदेत ग्राफिक्स चिपचे नेमके नाव असल्याशिवाय ती काढू नये. ‘इंटिग्रेटेड/डेडिकेटेड ग्राफिक्स’ एवढ्याने काहीही ठरत नाही. ज्या चिपचा ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्ये आणि मेसामध्ये आहे, तीच मशीन घ्यावी. नमुन्याची एक मशीन आधी प्रयोगशाळेत आणून आमच्याच वितरणावर आठवडाभर चालवावी : झोपवून उठवावी, प्रोजेक्टरला जोडावी, व्हिडिओ लावावा, रिकामी ठेवावी. त्यात ती अडकली तर नाकारण्याचा अधिकार शाळेला असावा. भारत सरकारने 2015 मध्ये जाहीर केलेल्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअर धोरणात निविदांमध्ये अशा सॉफ्टवेअरचा विचार अनिवार्य केला आहे आणि ते वगळल्यास कारण देणे पुरवठादारावर टाकले आहे. त्या धोरणाला अनुरूप हार्डवेअर मागणे ही त्याची पुढची सरळ पायरी आहे.

फर्मवेअरवर आमच्यात दोन मते आहेत आणि ती लपवण्याचे कारण नाही. काही सदस्यांना वाटते की शाळेच्या मशीनवर ज्याचा स्रोत दिसत नाही असे काहीही नसावे. बाकीच्यांचे म्हणणे असे, की चिपमध्ये जाणारे ते छोटे बंद तुकडे नसले तर नवी एएमडी कार्डे नीट चालतच नाहीत आणि मुलासमोर काळा पडदा ठेवून स्वातंत्र्य शिकवता येत नाही. डेबियनच्या सदस्यांनी 2022 मध्ये मतदान करून असे फर्मवेअर प्रतिष्ठापनेच्या अधिकृत माध्यमात घेतले आणि त्याला वेगळा, नावानिशी विभाग दिला. आम्ही बहुमताने तीच वाट सुचवतो : फर्मवेअर असावे, पण कोणत्या मशीनमध्ये कोणते आहे ते लिहिलेले असावे आणि ज्या मशीन त्याशिवाय चालतात त्यांना खरेदीत पसंती मिळावी.

हे काम वेळ मागते. आठवड्यातले दोन तास देखभालीचे म्हणून वेळापत्रकात धरावेत. हे काम आजवर मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर झाले आहे. जो दोष आमच्याकडून सुटत नाही तो इंग्रजीत नीट लिहून मेसाच्या किंवा कर्नलच्या विकासकांपर्यंत पोहोचवायला तालुक्याला एक तंत्र-सहायक द्यावा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतून आहेत. त्यांच्या जोडीने निदानाचे चार दिवसांचे प्रशिक्षण सत्र भरवावे. केरळने शाळांसाठी उबुंटूवर आधारलेली स्वतःची प्रणाली केली, ती सांभाळायला ‘काइट’ ही संस्था 2017 मध्ये उभी केली आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. तिथेही मशीन बिघडतच असतील, पण बिघडल्यावर विचारायला तिथे कोणी आहे.

लिनक्स काढण्याच्या प्रस्तावावर निर्णय घेण्याआधी समितीने कोणत्याही तीन प्रयोगशाळा निवडाव्यात आणि एका सत्रासाठी वरील अधिकार तिथे द्यावेत. सत्राच्या शेवटी प्रत्येक हँगची नोंद, कारण आणि उपाय आम्ही लेखी सादर करू. पासवर्ड, नोंदी आणि तक्रारीचा नमुना या तीन बाबींना निधी लागत नाही, त्यामुळे त्यांचा आदेश शाळा उघडण्यापूर्वी निघावा. बाकीच्या मागण्यांवर समितीने आमच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे आणि जी मागणी नाकारली जाईल तिचे कारण लेखी कळवावे.

आपले,
तालुक्यातील संगणक प्रयोगशाळा शिक्षक व साहाय्यक